पोटातल्या गाठींमधले जिवाणू अभ्यासताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

२०२० साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या साठवलेल्या जनुकीय माहितीत जिवाणूंच्या खुणा सापडतात आणि त्यावरून कर्करोग कुठला ते ओळखता येतं, असा त्याचा दावा होता. अनेकांनी तो आधाराला घेऊन पुढची कामं उभी केली. २०२३ मध्ये स्टीव्हन साल्झबर्ग आणि इतर संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली. जिवाणूंचे म्हणून मोजलेले बहुतेक तुकडे माणसाच्याच डीएनएचे निघाले. शिवाय आकडे एका पातळीवर आणण्यासाठी वापरलेल्या गणितानं प्रत्येक कर्करोगाला मुळात नसलेली ओळख चिकटवली होती. २०२४ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला.

हे सुरुवातीलाच सांगतोय ते कुणाला परतवून लावायला नाही. पोटातल्या काही गाठींमध्ये जिवाणू राहतात आणि काही वेळा ते उपचारांतही ढवळाढवळ करतात, याचे भक्कम पुरावे आहेत. अडचण अशी की मोठं आतडं सोडलं तर गाठीत त्यांची संख्या फारच कमी असते. डीएनए काढायच्या किटमधले, पाण्यातले, ऑपरेशन थिएटरच्या हवेतले, आपल्या हातावरचे जिवाणू त्यांच्यावर सहज मात करतात. म्हणून कामाच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहायचा: हा जिवाणू गाठीतलाच कशावरून?

पुढचं सगळं मी मुख्यतः स्वादुपिंडाचा कर्करोग समोर ठेवून लिहिलंय. पोटातल्या अवयवांमध्ये हे प्रकरण सर्वात अवघड, आणि इथे हात बसला की बाकीचं सोपं जातं. पण निवड तुमच्या हातात असेल तर पहिला प्रकल्प मोठ्या आतड्याच्या गाठीवर करा. तिथे फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा मूळचा तोंडातला जिवाणू गाठीत वाढलेला आढळतो, हे २०१२ साली दोन वेगळ्या गटांनी दाखवलं आणि पुढे अनेकांना तेच दिसलं. तुमच्या पद्धतीला तो सापडत नसेल तर बिघाड पद्धतीत आहे, हे लगेच कळतं. स्वादुपिंडात असा हमखास साक्षीदार मिळत नाही.

पायरी १: प्रश्न अरुंद करा

'गाठीतल्या जिवाणूंचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे. गाठीत जिवाणू आहेत का, कोणते आहेत, नेमके कुठे बसलेत, जिवंत आहेत का, काही करतात का, हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. सिक्वेन्सिंगमधून, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमानं वाचून, फार तर दुसऱ्याचं उत्तर मिळतं. तेवढ्यावर पाचव्याचं उत्तर लिहिणारे निबंध ढिगानं सापडतील.

प्रश्न कसा असावा हे पाहायचं तर इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या रविद श्ट्राउसमन यांच्या गटाचं २०१७ चं काम वाचा. जेमसिटाबीन हे स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचं नेहमीचं औषध. काही जिवाणूंकडे सायटिडिन डीअमिनेज नावाचं विकर असतं आणि त्याचं लांब रूप या औषधाला निष्प्रभ करून टाकतं. असे जिवाणू माणसाच्या गाठीत खरंच असतात का, हा त्यांचा प्रश्न. ११३ गाठी तपासल्या, ८६ मध्ये जिवाणूंचा डीएनए मिळाला. निरोगी स्वादुपिंडाच्या २० नमुन्यांपैकी तो फक्त ३ मध्ये होता. पण ते तिथे थांबले नाहीत. १५ ताज्या गाठींमधून जिवाणू वाढवले आणि त्यांतल्या १४ गाठींचे जिवाणू कर्करोगाच्या पेशींना जेमसिटाबीनपासून वाचवतात, हे दाखवलं. उंदरांमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिल्यावर औषधाचा परिणाम परत आला. नाव सापडणं, जिवंत जिवाणू हाती लागणं, त्याची करणी दिसणं आणि ती करणी थांबवता येणं, ही साखळी तिथे पूर्ण होते.

अवयवानुसार जिवाणू येण्याचा रस्ताही बदलतो, तो प्रश्नातच धरा. स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे ड्युओडेनममध्ये उघडते आणि तिथून उलट चढता येतं. यकृताला आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून थेट मिळतं. पित्ताशयात पित्तासोबत येणारे जिवाणू असतात. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग बराच आढळतो आणि टायफॉइडच्या जिवाणूचं दीर्घकाळ वाहक असण्याशी त्याचा संबंध फार पूर्वीपासून जोडला गेलाय. नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा गाठींच्या सिक्वेन्सिंगमध्ये टायफॉइडचे नसलेल्या साल्मोनेलांच्याही डीएनएच्या खुणा नोंदवल्या.

पायरी २: परवानगी, आणि मग ऑपरेशन थिएटरशी ओळख

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती यांशिवाय एक तुकडाही घ्यायचा नाही. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत हवं आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहा: या अभ्यासाचा रुग्णाला स्वतःला फायदा होणार नाही, आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही. मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी घाबरलेल्या माणसासमोर कागद सरकवून सही घेऊ नका. बाह्यरुग्ण विभागात, नातेवाईक सोबत असताना, वेळ देऊन बोला.

नमुन्यावर पहिला हक्क पॅथॉलॉजिस्टचा. निदान आणि कडा तपासून झाल्यावर जे उरेल ते आपलं. त्यांच्याशी आधीच बसून ठरवा, कारण पुढे जे सांगतोय ते त्यांच्या मदतीशिवाय जमणारं नाही.

स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असेल तर व्हिपल शस्त्रक्रिया होते. तिच्यात स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग असं सगळं एकत्र बाहेर येतं. ग्रॉसिंगच्या (काढलेला अवयव उघडून तपासायच्या) टेबलावर ड्युओडेनम उघडलं की आतड्यातला द्रव पाटीवर, कात्रीवर, हातमोज्यांवर पसरतो. त्यानंतर त्याच पात्यानं गाठ कापली तर तुमच्या नमुन्यात आतड्यातलं अख्खं गाव येऊन बसतं. म्हणून गाठीचा तुकडा आतडं उघडायच्या आधी घ्यायचा. नवं निर्जंतुक पातं, नवे हातमोजे. शेजारचा निरोगी वाटणारा भाग घेताना पुन्हा नवं पातं. तुकडा लगेच क्रायोव्हायलमध्ये, तिथून लिक्विड नायट्रोजनमध्ये आणि मग उणे ८० अंशांवर. अवयव बाहेर आल्याची आणि तुकडा गोठवल्याची वेळ दोन्ही लिहा.

एकाच कोपऱ्यातला तुकडा पुरत नाही. आतड्याच्या आणि तोंडाच्या गाठींवरच्या २०२२ च्या एका अभ्यासात जिवाणू सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. रक्तवाहिन्या कमी आणि प्रतिकार दबलेला अशा कप्प्यांत ते गोळा झालेले दिसले. त्यामुळे शक्य असेल तर गाठीच्या दोन-तीन जागांवरून घ्या. स्वादुपिंडात आणखी एक पंचाईत असते. गाठीचा बराचसा भाग नुसत्या तंतुमय ऊतीचा असतो. तुकड्याच्या एका कडेचा पातळ काप पॅथॉलॉजिस्टला दाखवून त्यात कर्करोगाच्या पेशी आहेत याची खात्री करा.

इथले कंट्रोल, म्हणजे बाहेरून काय आलं ते ओळखायचे तुलनेचे नमुने, विसरलात तर ते नंतर कुठूनही आणता येत नाहीत. नमुना हाताळला जात असताना शेजारी एक रिकामी व्हायल उघडी ठेवायची आणि नंतर तिच्यावर नमुन्यासारखीच सगळी प्रक्रिया करायची. पाटीचा आणि न वापरलेल्या पात्याचा स्वॅब घ्यायचा. मेणात बसवलेले जुने ब्लॉक वापरणार असाल तर ब्लॉकच्या कडेचं नुसतं मेण कापून तेही सोबत चालवायचं. श्ट्राउसमन यांच्या गटानं २०२० मध्ये ७ प्रकारच्या कर्करोगांचे १,५२६ नमुने तपासले, तेव्हा त्यांच्यासोबत ८०० हून अधिक कंट्रोल होते आणि त्यांत असे मेणाचे नमुनेही होते. नमुन्यांच्या निम्म्याहून जास्त कंट्रोल! खर्चाचा अंदाज मांडताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा.

पायरी ३: रुग्णाच्या माहितीचा तक्ता

हा तक्ता कंटाळवाणा वाटतो आणि घाईत अर्धवट भरला जातो. त्यात सर्वात मोलाचा रकाना स्टेंटचा, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणाऱ्या नळीचा.

स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असली की पित्तनलिका दाबली जाते, कावीळ होते आणि बऱ्याच रुग्णांना ऑपरेशनआधी ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून) स्टेंट बसवतात. त्या स्टेंटच्या वाटेनं आतड्यातले जिवाणू पित्तनलिकेत शिरतात. आता समजा, जास्त जगलेल्या आणि लवकर दगावलेल्या रुग्णांच्या गाठींत तुम्हाला वेगवेगळे जिवाणू दिसले. दुसऱ्या गटात स्टेंटवालेच जास्त असतील तर तुम्ही जगण्याचा नव्हे, स्टेंटचा अभ्यास केलात. स्टेंट होता का, कधी बसवला, किती दिवस होता, हे लिहिलं नसेल तर ही शंका कधीच फिटणार नाही.

याशिवाय ऑपरेशनच्या चिरेआधी दिलेलं अँटिबायोटिक (ते बहुतेक प्रत्येकाला मिळतं, पण कुठलं ते बदलतं), आधीच्या काही महिन्यांतली अँटिबायोटिक्स, आधी झालेली केमोथेरपी, आम्लपित्तावरच्या गोळ्या आणि मधुमेह हेही नोंदवा.

पायरी ४: डीएनए काढणं

आधी एक हिशेब करू. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६४० कोटी अक्षरांचा डीएनए असतो. ई. कोलायच्या एका पेशीत सुमारे ४६ लाख अक्षरांचा. गाठीत दर १०० पेशींमागे एक जिवाणू आहे असं धरलं, तर जिवाणूच्या प्रत्येक अक्षरामागे माणसाची साधारण १ लाख ४० हजार अक्षरं पडतात. म्हणजे सगळ्याच डीएनएचं सिक्वेन्सिंग करून एक कोटी रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) मिळवले, तर त्यांत जिवाणूचे जेमतेम ७०. एवढ्याशा सत्तरात किटमधला कचरा मिसळला तर काय होईल, याची कल्पना करा.

कल्पनाच करायला नको, कारण हे प्रत्यक्ष मोजून झालंय. २०१४ मध्ये सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेला बोंगोरी या एकाच जिवाणूचं शुद्ध कल्चर टप्प्याटप्प्यानं विरळ केलं आणि प्रत्येक टप्प्यावर सिक्वेन्सिंग केलं. विरळपणा वाढला तशी साल्मोनेलाची जागा किटमधल्या जिवाणूंनी घेतली. वेगवेगळ्या किटमधले पाहुणेही वेगवेगळे निघाले.

काही नावं तोंडपाठ असू द्या: राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम, स्फिंगोमोनास, मिथायलोबॅक्टेरियम, पेलोमोनास. ही पाण्यात-मातीत राहणारी मंडळी किटमधून येतात. क्युटिबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस कातडीवरून येतात. पीसीआरच्या टॅक विकरातसुद्धा ई. कोलायचा डीएनए असू शकतो, कारण ते विकर ई. कोलायमध्येच तयार करतात. यातलं एखादं नाव निकालात ठळक दिसलं की आनंद आवरून ब्लँककडे, म्हणजे नमुना न घालता चालवलेल्या रिकाम्या नळीकडे, बघायचं.

प्रत्यक्ष कामात:

हूड आधी ब्लीचनं पुसा, मग यूव्ही लावा. अल्कोहोलनं जिवाणू मरतात, पण त्यांचा डीएनए तिथेच राहतो.

सगळ्या अभ्यासाला पुरेल एवढे किट एकाच लॉटचे मागवा. लॉट बदलला तर नंबर लिहा आणि नव्या लॉटचे ब्लँक पुन्हा चालवा.

प्रत्येक बॅचमध्ये गाठ, शेजारची ऊती आणि ब्लँक मिसळून ठेवा. सोमवारी सगळ्या गाठी आणि मंगळवारी सगळ्या निरोगी ऊती असं केलंत, तर शेवटी फरक वारांचा निघेल.

ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत जाड असते. नुसत्या प्रोटिनेज-के वर विसंबू नका, लायसोझाइम द्या आणि मण्यांनी घुसळा. नाहीतर ते 'नाहीत' असं दिसेल.

पॉझिटिव्ह कंट्रोल गाठीच्या पातळीचा ठेवा. बाजारात मिळणारं ज्ञात जिवाणूंचं मिश्रण तसंच्या तसं चालवलं तर सगळं छान दिसतं. ते खूप विरळ करून, जिवाणूमुक्त असल्याची खात्री केलेल्या मानवी पेशींमध्ये मिसळून चालवा. तुमची पद्धत किती कमी जिवाणू पकडू शकते ते तिथे कळतं.

पायरी ५: सिक्वेन्सिंगआधी क्यूपीसीआर

ही पायरी बरेच जण गाळतात. १६एस या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा क्यूपीसीआर (डीएनए किती आहे ते मोजणारा पीसीआर) करा आणि नमुन्यांची सीटी, म्हणजे कितव्या चक्राला डीएनए दिसला तो आकडा, ब्लँकच्या सीटीशेजारी ठेवा. सीटी कमी म्हणजे डीएनए जास्त. सीटीमध्ये साधारण ३.३ चा फरक म्हणजे दहापट. ब्लँक ३३ वर आणि गाठ ३२.५ वर असेल तर त्या नमुन्यात ब्लँकपेक्षा वेगळं असं काही सांगण्याजोगं नाही. तो सिक्वेन्सिंगला पाठवू नका. मशीन नावांची यादी देईलच, मशीन नेहमीच देतं. ती यादी कुणाची आहे हे मात्र सांगत नाही. 'या नमुन्यांत जिवाणू सापडले नाहीत' हाही निकाल आहे आणि तो लिहायचा असतो.

पायरी ६: कुठलं सिक्वेन्सिंग

१६एस जनुक सुमारे १,५०० अक्षरांचं, त्यात नऊ बदलते भाग, व्ही-१ ते व्ही-९. शौचाच्या नमुन्यांसाठी सर्रास वापरतात ती व्ही-४ ची प्रायमर जोडी (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) माणसाच्या डीएनएलाही, विशेषतः मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएला चिकटते. शौचात माणसाचा डीएनए कमी असल्यानं ते खपून जातं, बायोप्सीत मात्र रीड्सचा मोठा वाटा तसाच वाया जातो. ऊतींसाठी व्ही-१–व्ही-२ भाग सहसा बरा पडतो. फॉर्मालिन-मेणातल्या नमुन्यांत डीएनएचे तुकडे झालेले असतात, त्यामुळे लांब भाग वाढतच नाही. श्ट्राउसमन यांच्या गटानं याच कारणानं पाच छोटे भाग एकत्र वाचले. शॉटगनची, म्हणजे सगळ्याच डीएनएच्या सिक्वेन्सिंगची, घाई करू नका, वरचे सत्तर रीड्स आठवा.

पायरी ७: संगणकावर

१६एससाठी डाडा-टू किंवा चाइम-टू, आणि नावं देण्यासाठी सिल्वा हा डेटाबेस. दोन्ही प्रणाली फुकट आहेत आणि शिकण्याचं साहित्य भरपूर आहे. मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्टची नावं आधी बाजूला काढा.

मग आर या संगणकभाषेतलं डीकॉन्टॅम वापरा. ते दोन तऱ्हांनी संशयित पकडतं. एक म्हणजे नमुन्यातला एकूण डीएनए जसा कमी तसा ज्याचा वाटा जास्त, तो बाहेरचा. दुसरी तऱ्हा, जो ब्लँकमध्येच जास्त वेळा दिसतो तो बाहेरचा. ब्लँकमध्ये दिसलेलं प्रत्येक नाव डोळे झाकून उडवणं मात्र चूक. प्लेटवर शेजारच्या खाचेतून नमुनाच ब्लँकमध्ये सांडलेला असू शकतो आणि मग गाठीतला खराखुरा जिवाणू तुम्हीच हाकलून द्याल. प्लेटवर ब्लँक कुठे होता याचा नकाशा जपून ठेवा, निर्णय घेताना तो उघडावा लागतो.

शॉटगन किंवा जुन्या जीनोम माहितीवर काम करत असाल तर माणसाचे रीड्स आधी काढायचे, आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेला टी-टू-टी मानवी जीनोमही त्यासाठी वापरायचा. डेटाबेसमधल्या कित्येक जिवाणूंच्या जीनोममध्ये माणसाच्या डीएनएचे तुकडे चुकून शिरलेले आहेत. मागे घेतलेल्या निबंधात घोळ झाला तो इथूनच. उरलेले रीड्स जिवाणूच्या जीनोमवर कुठे पडतात ते चित्र काढून पाहा. खरा जिवाणू असेल तर ते जीनोमभर पसरतात. एकाच जागी ढीग झाला असेल तर नाव खोडा. आणि त्या जिवाचं राहण्याचं ठिकाण शोधा. त्या निबंधात माणसाच्या कर्करोगाची ओळख म्हणून कोळंबीला होणारा एक विषाणू वर आला होता.

पायरी ८: डोळ्यांनी बघा, वाढवून बघा

इथपर्यंत हाती फक्त अक्षरं आहेत. त्याच गाठीच्या कापावर फिश करा, म्हणजे जिवाणूला चिकटणारा चमकता प्रोब लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ईयूबी-३३८ हा बहुतेक जिवाणूंना चिकटणारा प्रोब, आणि शेजारच्या कापावर त्याला पूरक क्रमाचा, जिवाणूंना न चिकटणारा प्रोब कंट्रोल म्हणून. स्वादुपिंडाची ऊती स्वतःच चमकते, त्यामुळे प्रोब न लावलेला काप पाहिल्याशिवाय एकाही ठिपक्याला जिवाणू म्हणू नका. एलपीएसचं (ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या भिंतीतल्या घटकाचं) रंजन उपयोगी आहे, पण एलपीएस दिसला म्हणजे जिवंत जिवाणू तिथे आहेच असं नाही. पॅथॉलॉजिस्टला सोबत बसवा. २०२० च्या अभ्यासात जिवाणू बहुतांशी पेशींच्या आत, कर्करोगाच्या आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींत, दिसले होते. कापाच्या वर तरंगणारा ठिपका वेगळ्या पातळीवर फोकस होतो आणि तो सहसा धूळ असतो.

ताजा तुकडा मिळत असेल तर कल्चर कराच. फ्युसोबॅक्टेरियमसारख्यांना ऑक्सिजन सोसत नाही, तुकडा ऑक्सिजनविरहित माध्यमातूनच न्यावा लागतो. २०१७ मध्ये सुझन बुलमन आणि सहकाऱ्यांनी एकाच रुग्णाच्या आतड्यातल्या गाठीतून आणि यकृतात पसरलेल्या गाठीतून फ्युसोबॅक्टेरियम वाढवला. दोन्हींचे जीनोम जवळजवळ सारखे निघाले. आतड्यातला जिवाणू कर्करोगाबरोबर यकृतापर्यंत गेला असावा, याला याहून बोलका पुरावा मिळणं कठीण.

पायरी ९: कारण की योगायोग

गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, आत ऑक्सिजन कमी असतो, प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला असतो. कुठलाही भटका जिवाणू तिथे बस्तान मांडू शकतो, गाठ आधीच झालेली असताना. ऑपरेशनच्या दिवशी घेतलेल्या एका तुकड्यावरून आधी कोण आलं ते कळत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल तर ती तशीच लिहा. 'संबंध आढळला' आणि 'कारण आहे' यांतला फरक शीर्षकापासून पाळा.

ई. कोलायच्या काही जातींच्या बाबतीत कारणापर्यंत जाता आलं. त्या कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात आणि ते डीएनएवर ठरावीक प्रकारचे बदल सोडतं. २०२० मध्ये मानवी आतड्याच्या ऑर्गनॉइड्सना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या प्रतिकृतींना) अशा जिवाणूचा अनेक महिने संपर्क घडवून ते बदल ओळखले गेले आणि मग तीच खूण रुग्णांच्या आतड्यातल्या काही गाठींतही सापडली. जिवाणू निघून गेला तरी खूण उरते. असा प्रश्न स्वादुपिंडासाठी मांडता आला तर तो पीएचडीएवढा आहे.

रुग्ण आणि नातेवाईक विचारतात, 'मग अँटिबायोटिक घेऊ का?' स्पष्ट सांगा, नाही. उंदरांमधल्या निकालांवरून औषध ठरवायचं नसतं आणि औषधांचा निर्णय त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टचा. प्रोबायोटिकच्या पुड्यांबद्दलही तेच.

पायरी १०: माहिती जमा करणं

निबंध पाठवण्याआधी कच्चे रीड्स सार्वजनिक भांडारात ठेवा. अमेरिकेचं एसआरए आहे, युरोपचं ईएनए आहे, आणि फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरही आहे. नमुन्यांसोबत प्रत्येक ब्लँकचे रीड्स, किटचे लॉट नंबर, बॅच आणि प्लेटचा नकाशा द्या. तुमचा निष्कर्ष दुसऱ्या कुणाला तपासता येण्यासाठी एवढं लागतंच. आणि अपलोड करण्याआधी माणसाचे रीड्स काढून टाका. त्यांत रुग्णाची आणि त्याच्या कुटुंबाची जनुकीय ओळख असते, आणि संमती तुम्ही जिवाणूंच्या अभ्यासासाठी घेतली होती.